पांढऱ्या कापडाचं टोक

“बाळा, या घरात घोटभर पाणी मिळेल का रे?”

छप्पन्न वर्षं झाली, पण साबानच्या कानात तो आवाज जसाच्या तसा होता. खाऱ्या वाऱ्यानं चिरलेला घसा, आणि तरी बोलणं असं की समोरच्या पोरानं घाबरू नये. ‘या घरात’ म्हणताना तो माणूस जरासा थांबला होता. मशिदीच्या पायरीशी वहाणा काढताना थांबतो माणूस, तेवढाच.

“अहो, सुई ओवताय की चंद्र बघताय?” हाफ्सा म्हणाली. “आणा ती इकडे.”

ओट्यावरच्या बायका खुदखुदल्या. साबाननं सुईदोरा बायकोच्या हातात दिला आणि उगाच हसला. कापड घरातून निघून ओट्यावरून, तीन दगडी पायऱ्यांवरून खाली अंगणात सांडलं होतं. घराघरातून आलेले पांढरे तुकडे बायका एकाला एक जोडत होत्या. कुणाचा नवाकोरा, कुणाचा धुवून धुवून विरलेला. अंगणापलीकडे केनारीचं, म्हणजे रानबदामाचं, थोरलं झाड, त्याच्या सावलीत जायफळाची झाडं, आणि त्याही पलीकडे समुद्रातून वर आलेला आगडोंगर, डोक्यावर धुराचा एवढासा तुरा घेऊन.

उद्या विहीर धुवायची होती. दहा वर्षांतून एकदा लोंथोर बेटावरचं हे गाव आपली विहीर उपसतं, हे लांबच लांब कापड माणसांच्या डोक्यांवरून तिथवर नेतं, आत सोडतं आणि विहिरीचं अंग पुसून घेतं. कापडाचं पहिलं टोक धरायचा मान ‘विहिरीच्या घरा’चा. ते घर हेच. टोक धरणारा साबान. मात्र कापड विहिरीत सोडायच्या आधी इमाम त्याला काठावर उभं करून एकच प्रश्न तीनदा विचारतात. ‘तुझ्या दारातून कुणी तहानलेलं गेलं आहे का?’ त्यानं तीनदा म्हणायचं, ‘कुणी नाही.’ मगच कापड आत सोडायचं.

साबाननं आजवर दोन वेळा कापड धरलं होतं. म्हणजे सहा वेळा खोटं.

त्या दिवशी तो दहा वर्षांचा होता. भर दुपार. गाव बागांमध्ये गेलेलं, आणि हा नुकताच विहिरीवर न्हाऊन आलेला. किनाऱ्यापासूनच्या शेकडो पायऱ्या चढून एक माणूस अंगणात आला. परतून आलेल्यानं आधी आपल्या घरचं पाणी प्यायचं, मग विहिरीला हात लावायचा, ही इथली रीत. म्हणून तो विहिरीच्या कडेनं, न पिता, सरळ या दाराशी आला होता. त्यानं नाव सांगितलं, कासिम. आईचं सांगितलं, सालिहा. जपान्यांबरोबरच्या लढाईच्या साली दुष्काळ पडला तेव्हा ती मायलेकरं घराची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवून दूर काई बेटांवर नातलगांकडे गेली होती. आई तिकडेच वारली. आता तो परत आला होता.

दाराआड साबानचे बापा उभे होते. किल्ली ज्यांच्याकडे ठेवली होती ते. त्यांचा श्वास साबानच्या मानेवर लागत होता. “सांग,” ते कुजबुजले, “त्या घरचं कुणी उरलं नाही. सांग, तुला कुणी ओळखत नाही. सांग, विहीर आटली.”

पोरानं सांगितलं. तिन्ही गोष्टी, शिकवल्या तशा.

लोंथोरची विहीर कधी आटत नाही. शेंबडं पोरही हे जाणतं. तो माणूस साबानकडे बघत राहिला. साबानच्या ओल्या केसांतून, कानामागून पाणी गळत होतं, पायरीवर टपटप डाग पडत होते. माणसाची नजर त्या डागांवर गेली. मग तो म्हणाला, “बरं बाळा. आटली असेल.” आणि तो पायऱ्या उतरला. पूर्वेच्या वाऱ्यावर आलेली त्याची होडी त्याच दिवशी उलट्या वाऱ्यात परत वल्हवत गेली.

“पाहुण्यांची बोट आली!” खालून कुणी ओरडलं. बायकांनी सुया टोचून ठेवल्या. साबान उठला नाही. त्याच्या मांडीवर कापडाचं टोक होतं.

इद्रुस सकाळपासून धक्क्यावर होता. साबानचा हा धाकटा भाऊ, उत्सवाच्या समितीचा प्रमुख, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात घामाघूम झालेला. जिल्ह्याचे साहेब आले होते, आणि साहेबांना सांगायची गोष्ट त्यानं घोटून ठेवली होती.

“साहेब, ते पलीकडे रुन बेट दिसतं ना, ते वलंदेजांनी, म्हणजे डचांनी, इंग्रजांकडून पक्कं करून घेतलं आणि बदल्यात अमेरिकेतल्या मॅनहॅटनवर पाणी सोडलं. आता सांगा, भाव कुणाला जास्त होता?”

“आणि आता?” साहेबांनी विचारलं.

“आता तिकडे आभाळाला टेकणाऱ्या इमारती, आणि आमच्याकडे संध्याकाळपुरती वीज. पण जायफळ, साहेब, जायफळ आमचंच!”

साहेब हसले. इद्रुसचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बोट लागली आणि काईची माणसं उतरू लागली. चारशे वर्षांपूर्वी वलंदेजांच्या कत्तलीतून निसटून होड्यांत बसलेल्यांची ही लेकरं. अजून या बांदा बेटांची जुनी भाषा बोलणारी, जी आता खुद्द बांदात कुणाला येत नाही. पहिला म्हातारा उतरला, वाकला आणि वाळू कपाळाला लावून लहान मुलासारखा रडू लागला. स्वागताच्या ढोलवाल्यांना कळेना, वाजवावं की थांबावं.

पाहुणे कुणाच्या घरी उतरवायचे ती यादी इद्रुसनंच केली होती. “रुगाया!” त्यानं पुकारलं. पन्नाशी ओलांडलेली एक काटकुळी बाई पुढे आली. चपला तिनं हातात घेतल्या होत्या. “तुम्ही विहिरीच्या घरी, आमच्याकडे. भाग्यवान आहात. बापाचं नाव काय लिहू?”

“कासिम. आजीचं सालिहा,” ती म्हणाली. “लिहा ना, विहिरीच्या घरचीच. तुमच्याच कुणा नात्यातली असणार मी.”

इद्रुसच्या हातातलं पेन थांबलं. बापांनी मरताना त्याला अर्धंच सांगितलं होतं. हे घर आपलं नव्हे. सालिहा नावाच्या बाईनं सांभाळायला दिलेलं. तिच्यामागे कुणी राहिलं नाही, म्हणून आपणच तिचे झालो. कुणी राहिलं नाही, असं बापा म्हणाले होते. आणि ही कोण मग, चपला हातात घेऊन उभी?

“उन्हात का उभं करताय हो तिला?” मागून एक म्हातारी करवादली. “फोटोच काढायचाय तर सावलीत काढा!”

नूरियानं पाहुणीच्या पानात मासा वाढला. जायफळाच्या आंबट रश्श्यातला, आणि शेजारी केनारीच्या वाटणातली वांगी. नूरिया साबानची एकुलती एक लेक. पलीकडच्या नैरा बेटावर शाळेत इतिहास शिकवायची, उत्सवासाठी चार दिवस घरी आली होती.

रुगाया पाण्याचा तिसरा पेला रिकामा करत होती.

“मावशी, एवढं पाणी प्यायलात तर जेवणार काय?”

“मावशी नको गं, आत्या म्हण. बापाच्या गावाची मी.” ती हसली. “काय पाणी आहे तुमचं! आमच्याकडे खडकातलं, मचूळ. बापा म्हणायचे, लोंथोरचं पाणी प्यायल्यावर माणसाला आपलं नाव आठवतं.”

साबाननं खाली मान घातली. त्यानं अजून घास उचलला नव्हता.

“तुमचे बापा कधी आले होते इकडे?” हाफ्सानं सहज विचारलं.

“एकदाच. मी जन्मायच्या आधी. आले तसे परत गेले. उलट्या वाऱ्यात वल्हवून ओठ फुटलेले, हाताला फोड. आजूबाजूचे विचारायचे, काय झालं रे कासिम? तर म्हणायचे, लोक भले होते, मीच चुकीच्या दारात गेलो.” तिनं बोटं चाटली. “तसे जरा वेंधळेच होते. वांगी फार छान झालीत वहिनी.”

ताटात काहीतरी वाजलं. साबानच्या हातून पेला निसटला होता. पाणी चटईवरून धावत रुगायाच्या गुडघ्याशी गेलं.

“असू दे, असू दे,” रुगाया म्हणाली. “पाणीच आहे.”

जेवण झाल्यावर हाफ्साच्या आग्रहानं ती गायली. तिच्या आजीचा कबाता. या बेटांवर पूर्वजांची आठवण अशी गाण्यातच ठेवतात. कागदावर ठेवलेली जळते, पाण्यात जाते. भाषा कुणाला समजली नाही, म्हणून तिनं दर ओळीचा अर्थ सांगून ती पुन्हा म्हटली.

“तीन पायऱ्या दगडाच्या, दार डोंगराच्या दिशे
केनारीच्या खोडामध्ये, वीज पडल्याची चीर दिसे
ओट्यावर भरली घागर, वाट कुणाची गं पुसे…”

नूरियानं खिडकीबाहेर पाहिलं. केनारीच्या खोडात वरपासून बुंध्यापर्यंत काळी चीर होती. लहानपणी ती त्या चिरेत लपायची. तिनं आईकडे बघितलं. आई काकाकडे बघत होती. काका छताकडे.

“अहो, इथलं प्रत्येक दार डोंगराकडेच असतं,” इद्रुस मोठ्यानं हसला. “आणि वीज काय, झाड बघून पडते होय? पाहुणीबाई दमल्यात. आता आराम करू द्या.”

एरवी काका हसला की ओठ हसायचे, पोट हसायचं. आज नुसते दात हसले.

दिवस कलला तेव्हा घरची चौघं जायफळं वाळवायच्या खोपीत होते. खाली मंद धुनी, वर बांबूच्या चाळणीवर जायफळं. हाफ्सा दार अर्धं ओढून दारातच बसली होती, म्हणजे कुणी आलं तर दिसावं. आतलं बोलणं ऐकताना तिला वाटत होतं, आपण घराचा वासा धरून बसलोय, आणि आपलीच माणसं तो दोन बाजूंनी हलवतायत.

“आजोबांचं थडगं मी काल घासून काढलं,” नूरिया म्हणत होती. “शेवाळाखाली नावाआधीचा दगड छिन्नीनं तासलाय. ‘ला’ होतं तिथं, खूण राहिलीय. ला साईदी. बुटोन बेटावरून आणलेल्या मजुरांची नावं असतात तसं.”

“हळू बोल,” इद्रुस म्हणाला.

“म्हणजे खरं आहे.”

“अगं, खरं असलं तर काय ढोल वाजवू? आज गावात ढोल कमी आहेत का?”

“पण लाज कसली यात, काका? वलंदेजांनी चव्वेचाळीस सरदार कापले, बेटं ओस पाडली. मग झाडांवर चढायला माणसं नाहीत म्हणून गलबतं भरभरून आणली, गुलाम म्हणून, कैदी म्हणून, मजूर म्हणून. या गावात आणलेला नाही असा आहे कोण? इमामांचे पणजोबा जावाचे. तुमच्या सासुरवाडीचे…”

“वर्गात बोलायला सोपं आहे ते!” इद्रुसचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “बागेचे मालक गेले तेव्हा तुझ्या आजोबांकडे काय होतं माहितेय? पत्र्याचा एक बिल्ला. त्यावर नंबर. नाव नाही हं, नंबर. एका बाईनं जाता जाता किल्ली हातात ठेवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला दार मिळालं. ते त्यानं घट्ट धरलं. गावानंही मान डोलावली, कारण गावालाही पूर्वज हवे होते. कुणाचं काय गेलं त्यात?”

“घरात झोपलीय तिचं गेलं.”

 धुनीत एक करवंटी फुटली.

“उद्या टोक रुगायाआत्याला द्या,” नूरिया म्हणाली. “एवढंच म्हणतेय मी.”

“आणि परवा ती झाडं मागेल,” हाफ्सा म्हणाली. आपला आवाज असा कोरडा लागेल असं तिला वाटलं नव्हतं. “बेचाळीस झाडं आहेत, नूरिया. तुझी शाळा, तुझं शिकणं त्या झाडांवरूनच उतरलंय. तेव्हा नाही विचारलंस, झाडं कुणाची म्हणून.”

नूरियाचा चेहरा उतरला. “आई, तूही?”

“मी कुणाची नाही. मी या छपराची आहे.”

इद्रुसनं संधी साधली. “वहिनी शहाण्या आहेत. मी सांगतो कसं करायचं. टोक दादा धरेल, त्याच्या मागे पाहुणी, तिच्यामागे मी. साहेबांना सांगू, एकाच घराच्या दोन फांद्या. तीही खूश, आपणही. खोटं कुठे आहे यात? दादा, बरोबर ना?”

साबान चाळणीवरची जायफळं हातानं उलटीपालटी करत होता. एक उचलून त्यानं कानाशी धरलं, हलवलं. वाळलेलं जायफळ कवचाच्या आत खुळखुळतं. ते खुळखुळलं. तो पुन्हा हलवून ऐकत राहिला.

“बापा,” नूरिया म्हणाली, “तुम्ही सांगा.”

“उद्या बघू,” असं म्हणून तो हाफ्साला ओलांडून बाहेर गेला. जायफळ मुठीतच होतं.

“बघ,” इद्रुस म्हणाला, “दादा माझ्या बाजूनं आहे.”

“ते कुणाच्याच बाजूनं नाहीत,” नूरिया म्हणाली.

हाफ्सानं नवऱ्याची पाठ अंगण ओलांडताना पाहिली. लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्या पाठीला असं वाकलेलं तिनं फक्त नमाजात पाहिलं होतं.

रुगाया पहाटेच उठली. अजान संपता संपता ती विहिरीच्या वाटेवर जाऊन आली, नुसती बघून. पुरुष उपसायला लागले होते. तिला वाटलं होतं, इथं पाऊल ठेवताच काहीतरी होईल, जमीन ओळख देईल. तसं काही झालं नाही. पण या घरात तिला रात्री गाढ झोप लागली होती, आणि त्याचंच तिला नवल वाटत होतं.

हाफ्सा तिचे केस विंचरायला बसली. आपल्या पेटीतला हिरवा झगा तिनं पाहुणीसाठी काढला होता.

“वहिनी, काल माझं काही चुकलं का हो? गाणं ऐकून सगळे गप्पच झालात.”

“नाही गं. आम्हाला कबाताची सवय नाही राहिली.”

“मला वाटलं, वेंधळ्या बापाची वेंधळी पोर, काहीतरी बोलून बसले.” ती हसली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हसराच राहिला. “शेवटच्या दिवशी मी त्यांना चमच्यानं पाणी घालत होते. ओठ मिटून घेतले. म्हणाले, हे ते नाही. मी म्हटलं, बापा, ते पाणी इथं कुठून आणू? तर म्हणाले, तिथली विहीर आटली असं एक पोर म्हणालं. मी म्हटलं, काहीतरीच! तर हसले. म्हणाले, पोराच्या केसांतून पाणी ठिबकत होतं गं. ओंजळीत तेवढं धरलं असतं तरी पुरलं असतं.”

केसांतली फणी थांबली.

“तापात बरळत होते, दुसरं काय,” रुगाया म्हणाली. “तुमची विहीर कधी आटलीय का हो वहिनी?”

 रुगायानं वळून पाहिलं. हाफ्सा फणी छातीशी धरून बसली होती. मग तिनं झटझट वेणी घातली, टोक इतकं घट्ट बांधलं की दुखलं, आणि “आलेच” म्हणून ती आतल्या खोलीत गेली.

साबान डोक्याला रुमाल बांधत होता. गाठ बसेना. हाफ्सानं दार लावलं आणि त्याच्या हातातून रुमाल घेतला.

“चाळीस वर्षं तुम्ही झोपेत एकच वाक्य बोलता, ‘विहीर आटली’,” ती म्हणाली. “दर वेळी मी तुम्हाला हलवून कुशीवर वळवते. मला वाटायचं, स्वप्न पडतं.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं गाठ बांधली, टोकं सारखी केली, आणि रुमालावरून हात फिरवला.

“आज तेच जागेपणी बोला.”

“झाडं जातील, हाफ्सा.”

“जाऊ देत. तिच्या बापाचे हात सोलले होते म्हणे, उलट्या वाऱ्यात वल्हवून.” तिनं त्याच्या सदऱ्याची घडी सरळ केली. “काल मी तिला म्हणाले, परवा झाडं मागेल. आणि ती अजून विचारतेय, माझं काही चुकलं का म्हणून. माझी मान वर होत नाही तिच्यापुढे.”

बाहेर ढोल सुरू झाले. साबान उंबऱ्यावर क्षणभर थांबला. इथंच दाराआड बापा उभे होते. कितीतरी वर्षं त्यानं सगळं त्या श्वासावर ढकललं होतं. आज मानेवर काही लागत नव्हतं. मागे फक्त बायको होती.

विहीर उपसून झाली होती. आत ओल्या दगडांची काळी चमक, आणि तळाशी पुन्हा झिरपू लागलेलं पाणी. कापड घरापासून इथवर आलं होतं, माणसांच्या डोक्यांवरून, पांढऱ्या लाटेसारखं हलत. पहिलं टोक साबानच्या हातात. मागे हिरव्या झग्यातली रुगाया, तिच्या मागे इद्रुस, समितीचा बिल्ला छातीवर लावून. गर्दीत नूरिया आईचा हात धरून उभी होती. रात्री त्या एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आता हात कुणी आधी धरला, तेही त्यांना सांगता आलं नसतं. साहेब खुर्चीत. ढोल थांबले.

“विहिरीच्या घरा,” इमाम म्हणाले, “तुझ्या दारातून कुणी तहानलेलं गेलं आहे का?”

साबानचे ओठ हलले. शब्द आला नाही. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं मन भरून आलं.

“दादा, बोल ना,” इद्रुस मागून पुटपुटला.

“तुझ्या दारातून,” इमामांनी पुन्हा विचारलं, “कुणी तहानलेलं गेलं आहे का?”

आगडोंगराच्या बाजूनं वारा आला आणि कापड सगळ्यांच्या हातांत फुगलं. साबानला वाटलं, आता ‘नाही’ म्हटलं की संपलं. दहा वर्षं पुन्हा गप्प. पुढच्या खेपेला आपण नसू. टोक दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल, आणि हे खोटं त्याच्या पदरात पडेल, बापांनी आपल्या पदरात टाकलं तसं.

“दादा!” इद्रुसचा आवाज रडवेला झाला होता. “पाया पडतो तुझ्या.”

इमामांच्या भुवया जवळ आल्या. तिसऱ्यांदा त्यांनी हळूच विचारलं, आजारी माणसाला विचारावं तसं. “साबान, कुणी गेलं आहे का रे?”

साबान वळला. इमामांकडे नाही, गावाकडे नाही. कापडाचं टोक त्यानं रुगायाच्या हातात ठेवलं. काय झालं ते न कळून ती हसली, आणि त्या हसण्याकडे बघणं त्याला सोसवेना, तरी त्यानं नजर काढली नाही.

“गेला,” तो म्हणाला. “एक गेला. रुगाया, तुझे बापा चुकीच्या दारात नव्हते गेले. ते त्यांचंच दार होतं. आम्ही त्यात राहत होतो. पाणी मागितलं त्यांनी, घोटभर. मला बापांनी शिकवलं, पण तोंड माझं होतं. मी म्हणालो, विहीर आटलीय.”

सगळं गाव ऐकत होतं. पाणी झिरपण्याचा आवाज खालून येत होता.

“माझे केस ओले होते,” साबान म्हणाला.